रिक्षाची फुंकणी

२०२३ चा मे महिना. नांदेडचं ऊन असं की दुपारी बारा ते चार रस्त्यावर गिऱ्हाईक दिसत नाही, आणि रिक्षाच्या दांडीला हात लावला तर चटका बसतो. अशा एका दुपारी मी माझी रिक्षा दारापुढच्या लिंबाच्या सावलीला उभी करून नुसता तिच्याकडं बघत बसलो होतो. सकाळीच पीयूसीवाल्यानं परत पाठवलं होतं. कार्बन मोनॉक्साईड ४.४ टक्के! माझ्या गाडीला मुभा ३.५ टक्क्यांची.

आता खरं सांगायचं तर रिक्षा त्या दिवशी पहिल्यांदा नापास झाली नव्हती. दर सहा महिन्यांनी ती नापासच व्हायची. पण पूर्वी ज्याच्याकडं मी जायचो तो माणूस वरचे पन्नास घ्यायचा आणि सळई सायलेन्सरात घालायची सोडून बाजूला धरायचा. आकडा छान यायचा. या खेपेला त्यानंच हात जोडले. "दादा, आता मशीनचा आकडा थेट वर जातो, गाडीचा फोटो जातो. माझ्या हातात काही राहिलं नाही." मी दुसरीकडं गेलो तर तिथं हा ४.४ चा कागद.

दहा वर्षांची गाडी, म्हणजे दरसाल फिटनेस. फिटनेसला पीयूसी पाहिजे. जूनच्या मध्याला शाळा उघडणार, आणि माझ्या महिन्याच्या कमाईचा मोठा वाटा शाळेच्या लेकरांचा. कागद नसताना लेकरं बसवली आणि रस्त्यात धरलं तर २०१९ पासूनच्या नव्या कायद्यानं दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. गॅरेजवाल्याला विचारलं. त्यानं गाडी न बघताच "कार्बोरेटर बदला, सायलेन्सर बदला, सहा-सात हजार धरून चला" म्हणून सांगितलं. घरात सहा-सात हजार नव्हते. बचत गटाचं एक कर्ज आधीच चालू होतं.

त्याच आठवड्यात लातूरहून माझी भाची चार दिवसांसाठी आली होती. धाकट्या बहिणीची थोरली मुलगी. ती लातूरला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकत होती. तिच्या वर्गात मुली कमीच. दाजी लातूरच्या मोंढ्यात हमाली करतात. पोरगी शिकतेय याचा त्यांना आनंद, पण "पाना हातात घेतलेल्या पोरीला कोण करून घेणार?" हाही घोर. ती नांदेडला निघाली तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं, "तुम्ही मामा आहात, तुमचं ऐकती ती. एक वर्ष झालं तेवढं बस झालं म्हणावं. शिवणकाम नाहीतर नर्सिंग बघ म्हणावं." मी हो म्हणून बसलो होतो. म्हणजे पोरगी घरात आली ती पाहुणी म्हणून, आणि मी तिची वाट मोडायची सुपारी घेऊन बसलेला!

दुपारी ती बाहेर आली. माझ्या हातातला कागद घेतला, वाचला आणि म्हणाली, "मामा, एचसी हद्दीत आहे, सीओ तेवढा जास्तीचा आहे. गाडी फटफट करती का?"

"नाही गं. आवाज एकदम साफ."

"मग मागचं झाकण उघडू का?"

मी म्हटलं, उघड. मनात म्हटलं, उघडून काय करणार आहेस लेकरा.

तिनं इंजिनाकडं बोट दाखवून जे सांगितलं ते मी वीस वर्षं रिक्षा चालवून कधी ऐकलं नव्हतं. गाडी जागेवर उभी असते तेव्हा इंजिनात पेट्रोल पुरतं जळत नाही. अर्धवट जळालेला वायू बाहेर पडतो, तोच हा कार्बन मोनॉक्साईड. त्याला दरवाज्यातच, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी वायू तापलेला असतानाच, बाहेरची ताजी हवा मिळाली तर तो तिथं उरलेला जळून जातो आणि त्याचा साधा कार्बन डायऑक्साईड होतो. ही हवा द्यायला परदेशी मोटारींत विजेचा पंप बसवतात. थंड इंजिन चालू झालं की तो पंप मिनिटभर घुं घुं करत हवा ढकलतो आणि बंद पडतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९६६ च्या मोटारींपासूनच असे हवेचे पंप आले. तेव्हाचे पट्ट्यावर चालायचे. पाणी शिरून पंप जाम झाला की मोटारवाल्याला मोठा खर्च. आपल्या रिक्षांना आणि फटफट्यांना तेवढं परवडत नाही, म्हणून इथं पंपच नाही. सायलेन्सरात जो वायूचा धक्का बसतो, त्या धक्क्यामागं क्षणभर ओढ तयार होते, आणि त्या ओढीनंच एअर फिल्टरमधली हवा आत येते. मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह. हवा आत जाऊ देतो, धूर उलटा येऊ देत नाही. त्याला एसएआय व्हॉल्व्ह म्हणतात.

एवढं सगळं तिनं सांगितलं तेव्हा माझी बायको उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "म्हंजे फुंकणीच की!"

भाची हसून म्हणाली, "मामी, एकदम बरोबर. आमच्या सरांनी पण असं सांगितलं नाही."

आणि खरंच आहे. ओल्या लाकडाची चूल नुसती धुमसते, घर धुरानं भरतं. माय फुंकणीनं दोन फुंकरा मारायची की तोच धूर भक्कन पेट घ्यायचा. माझ्या मायीचे डोळे त्या चुलीनं गेले. थंडीत दार लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली कुटुंबंच्या कुटुंबं सकाळी उठली नाहीत अशा बातम्या आपण वाचतो. तिथं मारेकरी हाच, कार्बन मोनॉक्साईड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त प्राणवायूला जेवढं धरतं त्याच्या दोनशेपटीहून जास्त जोरानं ते याला धरतं, असं भाचीनं सांगितलं. म्हणून तिनं पहिली अट घातली : रिक्षा भिंतीपासून दूर, मोकळ्यावर घ्यायची, आणि पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही.

मी ऐकत होतो, पण माझं मन दुसरीकडंच गेलं होतं. शाळा सुटताना आम्ही सगळे रिक्षावाले फाटकासमोर ओळीनं उभे राहतो. इंजिन बंद करत नाही, परत चालू करायला पेट्रोल जास्त लागतं अशी समजूत. लेकरं ओळीमधून, सायलेन्सरच्या उंचीलाच नाक धरून, आपापली रिक्षा शोधत फिरतात. त्यात माझा नातूही असतो.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती कामाला लागली. इंजिन पुरतं गार झालं होतं. आधी तिनं चालू इंजिनावर एक परीक्षा घेतली होती : एअर फिल्टरकडून येणारा रबरी पाईप त्याच्या तोंडाशी सोडवला आणि वर्तमानपत्राची बारीक पट्टी त्याच्यासमोर धरली. व्हॉल्व्ह काम करत असेल तर पट्टी थरथरत आत ओढली जाते. गरम धूर बाहेर येत असेल तर आतली पाती गेली समजायचं. आमची पट्टी ना आत ओढली गेली ना बाहेर उडाली. मेल्यागत लोंबकळत राहिली.

"वाट बंद आहे," ती म्हणाली. "कुठंतरी तुंबलंय."

माझ्या पोटात खड्डा पडला. कारण कुठं तुंबलंय ते मला माहीत होतं.

तिनं पाईपाची दुसरी क्लिप सैल केली, पाईप ओढून काढला आणि खाली धरलेल्या ताटलीत एक छर्रा पडला. टण्! बेअरिंगमधला लोखंडी छर्रा, पाईपाच्या बरोबर मापाचा.

तिनं तो उचलून उजेडात धरला. "मामा, हे कुणी घातलं?"

"आधीच्या मालकानं घातलं असंल," मी म्हणालो.

वाचक बंधू-भगिनींनो, हे खोटं होतं. लॉकडाऊननंतर २०२१ साली मी ही रिक्षा जुनी म्हणून विकत घेतली. पहिले काही महिने ती उतारावर रेस सोडली की सायलेन्सरातून फट् फट् आवाज काढायची. गिऱ्हाईक दचकायचं. दसऱ्याला लातूरची मंडळी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी आमच्याकडं आली होती, त्यांना स्टँडवरून आणताना तर अशी फटफटली की लेकरं खिदळायला लागली. पुढं एका गॅरेजात एकानं पन्नास रुपयांत पाईपात छर्रा बसवून दिला आणि "मायलेज पण वाढंल" म्हणाला. आवाज बंद झाला. मायलेज काही वाढलं नाही. पण मी खूश. नंतर पीयूसीला नापास व्हायला लागली तेव्हा मला त्याचा संबंध कळला नव्हता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला अंदाज होता. वरचे पन्नास रुपये देणं सोपं होतं, एवढंच.

भाची मात्र पुढं गेली. तिचं म्हणणं, छर्रा काढून पाईप जोडला की पीयूसी कदाचित निघेल, पण फटफट परत येणार. ज्यानं छर्रा घातला त्यानं आजारावर नव्हे, आवाजावर औषध दिलं. रेस सोडली की न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरात येतं. त्या वेळी तिथं हवा जाऊ द्यायची नसते, नाहीतर ते तिथंच पेट घेतं. म्हणून व्हॉल्व्हला एक बारीक नळी इंजिनाच्या तोंडाकडून येते. रेस सोडली की तिथली ओढ वाढते आणि व्हॉल्व्हमधला रबरी पडदा ओढला जाऊन हवेची वाट बंद होते. पडदा फाटला की वाट उघडीच राहते. मग फटफट.

मी ती बारीक नळी तोंडात धरून ओढून बघायला गेलो तर तिनं हात धरला. "तोंड लावू नका मामा, पेट्रोल असतं तिच्यात." तिनं मेडिकलमधून वीस मिलीची नवी सिरिंज आणवली. नळीला लावून दट्ट्या मागं ओढला. पडदा धड असेल तर दट्ट्या जड जातो आणि सोडला की परत आत पळतो. आमचा दट्ट्या लोण्यातून सुरी ओढावी तसा आला आणि आला तिथंच राहिला. पडदा फाटला होता.

तोंड लावू नका म्हटल्यावर मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते इथल्या उस्मानशाही मिलमध्ये होते. मुंबईच्या गिरण्यांची एक गोष्ट ते सांगायचे. तिथं धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालायचा नाही, म्हणून आपल्या लोकांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेतच नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला होता. यंत्र आपल्या माणसाला येत नव्हतं असं नाही. त्याला यंत्राजवळ जाऊ देत नव्हते. आणि इथं माझ्या अंगणात माझीच भाची यंत्र उघडून बसलेली, आणि तिला उठवायचं काम माझ्याकडं!

व्हॉल्व्ह उतरवताना मी घोळ केला. इंजिनाच्या तोंडाशी त्याची लोखंडी नळी दोन बोल्टांनी बसवलेली असते. उष्णतेनं आणि पावसापाण्यानं ते गंजून एकजीव झालेले असतात. भाचीनं गंज सोडवायचं तेल मारलं आणि तासभर थांबा म्हणाली. ती चहा घ्यायला आत गेली, आणि मी दहा नंबरचा पाना लावून जोर केला. पाना घसरला, बोल्टाचं डोकं गोल झालं. वर बोटाचं साल गेलं ते वेगळंच.

ती बाहेर आली, बघितलं, काही बोलली नाही. पोरी रागावतात तशी रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं परत तेल मारलं, तासभर बसून राहिली, मग कानस घेऊन त्या गोल डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू हळूहळू सपाट केल्या, नऊ नंबरचा पाना बसेपर्यंत. तेवढ्याला पाऊण तास लागला. मग आधी अर्धा फेरा आवळल्यासारखं केलं, मग सोडवलं, परत आवळलं, परत सोडवलं. बोल्ट कुरकुरत निघाला. "तुटला असता तर हेड उतरवावं लागलं असतं मामा," एवढंच म्हणाली. हेड उतरवणं म्हणजे काय खर्च, ते मला सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुना व्हॉल्व्ह पिशवीत घालून सुट्या भागांच्या दुकानात गेलो. जुना भाग बरोबर न्यायचाच, हा तिचा नियम. दुकानदार सगळं माझ्याशीच बोलत होता. दिसायला तसाच, पण नळीचं तोंड जाड असलेला एक व्हॉल्व्ह त्यानं काढून दिला. भाचीनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाली, "हा नाही बसणार." दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मला काय विचारता, तिला विचारा." मग बरोबरचा मिळाला. व्हॉल्व्ह, पॅकिंग, दोन नवे बोल्ट आणि हातभर रबरी पाईप, सगळं मिळून सातशेच्या आत.

बसवायला अर्धा तासही लागला नाही. जुनं पॅकिंग खरवडून काढलं. ते परत वापरलं तर तिथून हवा खेचली जाते आणि नवा व्हॉल्व्ह घालूनही फटफट राहते. बोल्ट आधी दोन्ही हातानं लावले, मग थोडे थोडे आळीपाळीनं आवळले. कार्बोरेटरच्या स्क्रूला मी हात लावायला गेलो तर परत अडवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही, असं त्यांचे सर सांगतात म्हणे. कागदाची पट्टी धरली. ती फडफडत पाईपाच्या तोंडाला चिकटली. रेस वाढवली, सोडली. आवाज नाही. परत केलं. नाही. बायको म्हणाली, "बंद पडली का काय?"

सकाळी पीयूसीला जाताना दहा-बारा मिनिटं गाडी फिरवून गरम करून न्या, असं तिनं बजावलं होतं. या वेळी सळई सायलेन्सरात पुरती आत घातलेली मी वाकून बघितली. १.६ टक्के. शंभर रुपये दिले, वरचे काही नाही.

रात्री दाजींचा फोन आला. "बोललाव का तिच्याशी?" मी म्हणालो, बोलायचं राहिलं. मग त्यांना बोल्टाची गोष्ट सांगितली, कानशीची, दुकानातल्या व्हॉल्व्हची. ते गप्प ऐकत होते. शेवटी विचारलं, "गॅरेजवाल्यानं किती सांगितले होते?"

"सहा-सात हजार."

"आन् लागले किती?"

"सातशेच्या आत."

पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मोंढ्यात एक पोतं पाठीवर घेतल्यावर हातात काय पडतं ते मला माहीत आहे. दाजी कसला हिशेब करत असतील तोही कळत होता. मग म्हणाले, "बरं. तिला म्हणावं उन्हाचं नीट ये. टोपी घे म्हणावं." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिला स्टँडवर सोडायला त्याच रिक्षानं गेलो. फाटलेला व्हॉल्व्ह तिनं सरांना दाखवायला वर्तमानपत्रात बांधून घेतला होता. लातूरची गाडी लागायला वेळ होता. लोहा, अहमदपूर, चाकूर करत ती पोचणार म्हणजे संध्याकाळच. मी रसवंतीतून दोन ग्लास आणले आणि म्हणालो, "तो छर्रा मीच घालून घेतला होता गं."

"माहीत आहे मामा."

"कसं काय?"

"तुम्ही आम्हाला दसऱ्याला स्टँडवरून आणलं तेव्हा गाडी फटफटत होती. आधीच्या मालकानं छर्रा घातला असता तर ती तेव्हाच गप झाली असती."

मी ग्लासात बघत राहिलो. गाडी फलाटाला लागली तशी लोकांची पळापळ झाली. तिनं पिशवी आणि ते पुडकं खिडकीतून आत टाकून जागा धरली, आणि खिडकीतूनच ओरडून सांगितलं, "मामा, शाळेपुढं उभं राहिल्यावर इंजिन बंद करत जावा. आन् एअर फिल्टर लई घाण हाय, ते मी दिवाळीला आल्यावर बघते!"